शेड लावली, बाकं लावली, तरी संध्याकाळी तिथे बसवत का नाही?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात वाकडकडची सोसायटी, चार विंग, दहा-दहा मजली. बी विंगच्या मागे, म्हणजे पश्चिमेला, मातीची मोकळी जागा होती, पावसाळ्यात चिखल व्हायचा म्हणून गेल्या वर्षी तिथे काळपट पेव्हर ब्लॉक टाकले, बिल्डिंगच्या भिंतीला लागून सहा बाकं ठेवली आणि वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शेड केली, आजी-आजोबांना संध्याकाळी बसायला. एप्रिल लागला आणि तिथे कोणी फिरकेनासं झालं. मंडळी पूर्वेच्या गेटपाशी जुन्या करंजाखाली वॉचमनच्या खुर्च्या ओढून बसतात. प्रश्न विचारणाऱ्या दादांचं म्हणणं असं की साडेपाचला मोबाईल ३६ दाखवतो, ३६ म्हणजे काही फार नाही, मग इतकी छान जागा सोडून गेटवर गर्दी कशाला. आता कमिटीत तीन सूचना आल्यात, ब्लॉकवर पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह पेंट मारा, पाण्याचा बारीक फवारा सोडणारे मिस्टचे फॅन लावा, नाहीतर आर्टिफिशियल लॉन टाका. बजेट दोन लाख. यातलं काय करावं?

मी बावीस वर्षं लँडस्केपचं काम करतेय, जास्त करून पुण्यात, माहेर अमरावतीचं असल्यामुळे थोडंफार विदर्भात, आणि मुंबईत काही सोसायट्यांची कामं केलीत. तर आधीच स्पष्ट सांगते, तिन्हीतलं काहीच करू नका, निदान आत्ता तरी नको. आणि आजी-आजोबांवर चिडू नका, त्यांनी काहीही न मोजता सोसायटीतली सगळ्यात बरी जागा शोधून काढलेली आहे, आपल्याला फक्त ती बरी का आहे तेवढं समजून घ्यायचंय.

आपण सरसकट "गरम होतंय" म्हणतो, पण मराठीत यासाठी चार वेगळे शब्द आहेत आणि साइटवर मला त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. ऊन, धग, झळ आणि उकाडा. ऊन म्हणजे सूर्याचे किरण, थेट आलेले किंवा कशावर तरी आपटून आलेले. धग म्हणजे तापलेल्या वस्तूने फेकलेली उष्णता, चुलीपुढे बसलं की बाहेर थंडी असली तरी तोंडाला लागते ना, ती. झळ म्हणजे तापलेली हवा अंगावर येते ती. आणि उकाडा म्हणजे घाम येतो पण वाळत नाही. कुठेही बसा, चारही थोडेफार लागतात, पण जागा बदलली की प्रमाण बदलतं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, इतकंच नाही तर एकाचा उपाय कधीकधी दुसऱ्याला वाढवतो. दादांच्या बाकांवर त्रास आहे तो ऊन आणि धग यांचा, आणि कमिटीतल्या सूचना बघितल्या तर त्यातली एक झळेवरची आहे, एक धग कमी करून ऊन वाढवणारी आहे आणि एक तर धगच वाढवणारी आहे.

मोबाईलवरच्या ३६ चं काय मग? तो आकडा खोटा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. हवामान खात्याचा थर्मामीटर स्टीव्हनसन स्क्रीन नावाच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, माणसाच्या छातीच्या आसपास उंचीवर, पेटीला चारही बाजूंनी झडपा, आत हवा खेळते पण ऊन येत नाही आणि जमिनीची धगही थेट लागत नाही. पुण्यात सिमला ऑफिसच्या आवारात असं केंद्र आहे. हे मुद्दाम असंच असतं, कारण त्यांना हवेचं तापमान हवंय, उन्हात ठेवलेल्या काचेचं नाही. पण तुमची आजी काही पांढऱ्या पेटीत बसत नाही, तापलेल्या भिंतीला टेकून बसते. ते "फील्स लाइक" लिहिलेलं असतं ना, ते बहुतेक वेळा तापमान आणि दमटपणा एवढ्यावरच काढलेलं असतं आणि माणूस सावलीत आहे असं धरूनच. अमेरिकेची हवामान संस्था त्यांच्या उष्णता निर्देशांकाबद्दल सरळ सांगते की थेट उन्हात असाल तर त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

आता शरीराचा हिशेब, थोडं शांतपणे वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी, चालायला लागला की दुप्पट. ती सतत बाहेर गेली पाहिजे. कातडीचं तापमान ३३ ते ३५ च्या दरम्यान असतं, म्हणजे हवा २८ असेल तर हवा उष्णता घेऊन जाते, हवा ३६ झाली की ती वाट बंदच झाली, उलट हवाच थोडी उष्णता देते. मग उरतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, ही ताकद प्रचंड आहे, फक्त अट एकच, तो वाळला पाहिजे, निथळून खाली पडला तर काही उपयोग नाही. आणि वय वाढलं की घाम कमी आणि उशिरा येतो, तहानही कमी लागते, त्यातून रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी काढणाऱ्या असतात (याबद्दल डॉक्टरांनाच विचारा, माझा विषय नाही), त्यामुळे तिशीतल्या कमिटी मेंबरला जी जागा "ठीक आहे की" वाटते ती पंचाहत्तरीच्या माणसाला ठीक नसते.

धगेचं गणित बघा. कोणतीही वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे उष्णता फेकत असते, दिसत नाही पण लागते. ३५ अंशांचा पृष्ठभाग चौरस मीटरला साधारण ५०० वॅट फेकतो, ६० अंशांचा साधारण ७०० च्या जवळ. मे महिन्यात दुपारभर तापलेला काळपट ब्लॉक किंवा डांबर ६० ला सहज टेकतं. म्हणजे नुसत्या फरशीमुळे चौरस मीटरमागे पावणेदोनशे वॅटच्या आसपास जास्तीची उष्णता, आणि ती खालून, पायाला, पोटऱ्यांना, साडीच्या आतसुद्धा. आमच्या क्षेत्रात या सगळ्याची, म्हणजे ऊन आणि धग मिळून, एक सरासरी काढतात, तिला मीन रेडियंट टेम्परेचर म्हणतात, मराठीत सरासरी प्रारण तापमान म्हणा. मे महिन्यात उघड्यावर दुपारी ते साठीच्या पुढे जातं जेव्हा हवा ३८ असते, आणि दाट झाडाखाली ते हवेच्या तापमानाच्या जवळ येतं. हवा दोन्हीकडे जवळपास तीच! लोक म्हणतात झाडाखाली हवा गार असते, हवा एखाद-दोन अंशच गार असते, खरा फरक ऊन आणि धग कमी झाल्याचा असतो.

मोजून बघायचं असेल तर महागडं यंत्र लागत नाही. टेबल टेनिसचा ४० मिलिमीटरचा चेंडू घ्या, काळा मॅट रंग द्या, छिद्र पाडून आत साध्या डिजिटल थर्मामीटरचं टोक बरोबर मध्यावर बसवा आणि बाकावर माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा, शेजारी एक थर्मामीटर सावलीत हवेत ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही वाचा. दोघांत जितका फरक जास्त तितकी ती जागा ऊन-धगेची. संशोधक मंडळीही असाच चेंडू वापरतात, मी कमिटीला पटवायला कायम हेच करते, एक चेंडू वादाच्या बाकावर आणि एक जिथे लोक आपणहून बसतात तिथे. बोलण्यापेक्षा लवकर पटतं.

शहराप्रमाणे काय बदलतं तेही सांगते, कारण हे उत्तर नागपूर-मुंबईचेही लोक वाचतील आणि माझं पुण्याचं उत्तर जसंच्या तसं तिथे लावू नका. ओला थर्मामीटर म्हणून एक प्रकार असतो, थर्मामीटरच्या टोकाला ओली वात गुंडाळलेली, ती वाळताना जितकी गार होऊ शकते तो आकडा. घाम आपल्याला किती गार करू शकेल याची ती मर्यादा समजा. नागपूरला ४४ अंश आणि १५ टक्के दमटपणा असेल तर ओला आकडा येतो २३ च्या आसपास. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर २८ च्या पुढे. म्हणजे मुंबईकर ३४ ला हैराण होतो ते काही नाजूकपणामुळे नाही. नागपूरला शत्रू झळ आहे, तिथे वाळ्याचा कुलर चालतो, ओला पंचा चालतो, डोकं-कान बांधून निघालं की बरं वाटतं कारण ४५ अंशांचा वारा अंगाला न लागलेलाच बरा. मुंबईत शत्रू उकाडा आहे, तिथे सावलीबरोबर वारा हवाच, आणि समुद्रावरचा वारा ज्या दिवशी उशिरा सुटतो त्या दिवशी मुंबईचा पारा चढतो हे दर मार्चमध्ये आपण बघतो. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला ४० आणि किनारपट्टीला ३७ असा वेगळा उंबरठा लावतं, ते उगीच नाही.

आणि हे नुसतं आरामाबद्दल नाहीये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्या मैदानात बसले होते, १४ जणांचा जीव गेला. तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता, विदर्भाच्या एप्रिलमध्ये कोणी दखलही घेणार नाही असा आकडा. पण डोक्यावर ऊन, हवेत दमटपणा, आणि दाटीवाटीने बसल्यामुळे वारा नाही. ते वाचल्यापासून कोणी मला "फक्त ३६ तर आहे" म्हटलं की मी थांबवते.

आता दादांच्या जागेवर येऊ.

सूर्य कुठे असतो ते आधी. पुण्यात १३-१४ मे च्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर. आपण शेडचा विचार करतो तो याच सूर्याचा, वरून येणाऱ्या. पण तुमची मंडळी बसतात साडेपाचला, आणि तेव्हा सूर्य पश्चिमेला जेमतेम २० अंश उंचीवर असतो. म्हणजे ३ मीटर उंच छपराची सावली त्याच्या खाली पडतच नाही, ती पडते साडेआठ मीटर पूर्वेला. तुमच्या केसमध्ये ती सावली बी विंगच्या भिंतीवर पडत असणार, बाकावर नाही. साडेचारला सूर्य ३३ अंशांवर, तेव्हाही सावली साडेचार मीटर सरकलेली. म्हणजे ज्या वेळेसाठी शेड केली नेमकं त्याच वेळेला ऊन छपराच्या खालून आत येतं आणि तेही समोरून, डोळ्यात, छातीवर. सूर्य खाली असला की जमिनीला ऊन कमी लागतं पण बसलेल्या माणसाला भरपूर लागतं. ही चूक मी स्वतः सुरुवातीच्या एका कामात केलीय, बागेतल्या ज्येष्ठांच्या कोपऱ्यावर सुंदर लाकडी मांडव केला, ड्रॉइंगमध्ये सावली बाकांवर होती कारण ड्रॉइंग बारा वाजताचं होतं. तेव्हापासून कुठलीही बसायची जागा आखण्याआधी मी तिथे त्या वेळेला जाऊन अर्धा तास बसते, सकाळच्या साइट व्हिजिटवर विश्वास ठेवत नाही.

शिवाय तुमची शेड पारदर्शक आहे. पारदर्शक पॉलिकार्बोनेट अतिनील किरण अडवतं, पण उजेड आणि त्याबरोबरची उष्णता बरीचशी, ८० टक्क्यांच्या आसपास, आत सोडतं. आणि खालच्या तापलेल्या ब्लॉकांची धग मात्र ते परत वर जाऊ देत नाही, अडवून धरतं. म्हणजे अकरा ते चार या वेळात त्या शेडखाली ब्लॉक जवळजवळ उघड्यावर असल्यासारखे तापतात, आणि नंतर निवायला उघडं आभाळही मिळत नाही. हरितगृहात आपण मुद्दाम करतो तेच इथे झालंय.

मग भिंत. पश्चिमेची भिंत दुपारी साडेबारापासून सूर्यास्तापर्यंत ऊन खाते, आणि चार-पाचच्या पुढे तर सूर्य तिच्या जवळजवळ समोर येतो. आजकालच्या काँक्रीटच्या भिंतीत ती उष्णता शिरते आणि रात्री नऊ-दहापर्यंत बाहेर पडत राहते. तुमची बाकं तिलाच टेकून आहेत. पाठीला भिंतीची धग, पायाला ब्लॉकांची, समोरून ऊन. आणि दादांनी टाकलेल्या फोटोत दिसतंय की पहिल्या दोन मजल्यांच्या एसीचे आउटडोअर युनिट त्याच भिंतीवर आहेत. दीड टनाचा एक एसी पूर्ण चालत असेल तर बाहेर सहा-साडेसहा किलोवॅट उष्णता टाकतो, बसलेल्या साठ-पासष्ट माणसांइतकी. ते चार युनिट संध्याकाळी लोक घरी आले की एकदम सुरू होतात.

आणि आता गेटची जागा बघा. ए विंगच्या पूर्वेला आहे. ३० मीटर उंच बिल्डिंगची सावली साडेचारला ४५ मीटर लांब पडते, साडेपाचला ८५ मीटर. म्हणजे गेटचा भाग साडेतीन-चारपासूनच सावलीत जातो, साडेपाचला तिथली फरशी दीड-दोन तास निवलेली असते. पूर्वेची भिंत सकाळी तापून दुपारी निवलेली. वर करंज. आणि ए आणि बी विंगच्या मधल्या फटीतून संध्याकाळचा पश्चिमेचा वारा नेमका तिथे येतो. ऊन नाही, धग कमी, वारा आहे. हवा तीच ३६. म्हणून म्हटलं, उत्तर त्यांनी शोधलेलं आहे.

म्हणून पहिलं काम, आणि जवळजवळ फुकटचं: सहातली चार बाकं उचलून पूर्वेला न्या. ए विंगच्या सावलीत, फटीच्या तोंडाशी, पण फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता सोडून, तो अडवायचा नाही म्हणजे नाही. दोन बाकं पश्चिमेलाच राहू द्या, डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी चारला तीच जागा हवीहवीशी वाटेल, आजोबा शेकायला तिथेच येतील.

बाकं पूर्वेला नेल्यावर तिथे संध्याकाळी चार-साडेचारला सडा मारायची सवय लावा. आपल्या आज्या अंगणात मारायच्या तोच. यामागे चांगलं गणित आहे. ६० मिलिमीटरच्या ब्लॉकचं वजन चौरस मीटरला १३५-१४० किलो, तो २० अंशांनी निववायला जितकी उष्णता काढावी लागते तितकी एक लिटर पाणी वाळताना घेऊन जातं. हा कागदावरचा हिशेब, प्रत्यक्षात काही पाणी फटीत जातं आणि काही उष्णता हवेतून येते, पण चौरस मीटरला लिटरभर पाण्यात फरशी चांगली निवते. फक्त सावली आल्यावरच मारा, उन्हात मारलं तर अर्ध्या तासात परत जैसे थे. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतलं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायचं असेल तर ते नीट ट्रीट होतंय ना आणि वास नाही ना ते बघा, आणि बादलीने किंवा पाइपने जमिनीलगत, फवारा नको. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीने मेमध्ये पिण्याचं पाणी यासाठी वापरावं असं मी म्हणणार नाही.

आता कमिटीच्या तीन सूचनांबद्दल.

पांढरा पेंट. गच्चीवर मारा, डोळे झाकून मारा, वरच्या मजल्याला खरंच फरक पडतो. पण गच्चीवर दुपारी कोणी बसत नाही. जिथे माणूस आहे तिथे परावर्तित झालेलं ऊन जातं कुठे? माणसाच्या अंगावर. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांवर असं कोटिंग मारून मोजमापं झाली, रस्ता गार झाला हे खरं, पण दुपारी त्यावर उभ्या माणसाला पडणारी एकूण उष्णता साध्या डांबरापेक्षा जास्त निघाली. धग घटली आणि ऊन वाढलं. शिवाय ज्येष्ठांच्या डोळ्यांना ती चमक सहन होत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना तर विचारूच नका.

मिस्टचे फॅन. पुण्यात मार्च ते मे दुपारची हवा कोरडी असते, त्यामुळे तत्त्वतः चालतात. पण ते झळेवरचं औषध आहे. ऊन आणि भिंतीची धग तशीच राहते, आणि उघड्या जागेत गार केलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. बोअरच्या जड पाण्याने नोझल चोंदतात, मग थेंब मोठे पडायला लागतात आणि चष्मे ओले होतात. टाकी साफ नसेल तर ते पाणी श्वासातून आत जातं, ज्येष्ठांच्या बाबतीत मी ही जोखीम घेणार नाही. आणि जून लागला की हवा दमट झाली, उपयोग संपला. मुंबईत तर अजिबात लावू नका, तिथे ते उकाडा वाढवतात.

आर्टिफिशियल लॉन. नको, खरंच नको. प्लॅस्टिकचं गवत घाम गाळत नाही, त्यामुळे भर उन्हात ते काळ्या डांबराइतकं किंवा त्याहूनही जास्त तापतं. लहान मुलं त्यावर अनवाणी जातात. मुलांच्या खेळाखालच्या काळ्या रबरी फरशीबद्दलही हेच, सावली नसेल तर दुपारी हात लावून बघा. खरी हिरवळ गार राहते पण उन्हाळ्यात रोज चौरस मीटरला पाचेक लिटर पाणी पिते आणि डोक्यावर सावली काही देत नाही, त्यामुळे माझ्या मते इतक्या छोट्या जागेत तेच पाणी झाडाला घातलेलं बरं.

मग पश्चिमेच्या जागेचं काय करायचं? ती टाकून द्यायची नाही, पण तिला दीड-दोन वर्षं द्या. बाकं भिंतीपासून काढून समोर कंपाउंड वॉलच्या बाजूला सरकवायची. वॉलच्या आत स्वतंत्र लोखंडी फ्रेम उभी करायची, जमिनीपासून ३ मीटर, वरचा भाग जाळीचा, आणि त्यावर मधुमालती चढवायची. साडेपाचला ३ मीटरच्या त्या हिरव्या पडद्याची सावली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला ५ मीटर रुंद मिळते, साडेचारला अडीच-पावणेतीन मीटर. बाक पडद्यापासून २ मीटरवर ठेवलं की दोन्ही वेळा सांभाळल्या जातात. वेल जाळीवर असल्यामुळे थोडा वारा झिरपतो, पूर्ण भिंत उंच केली असती तर तोही गेला असता. मधुमालती नीट खत-पाणी दिलं तर वर्ष-दीड वर्षात भरते, तोवर फ्रेमवर बांबूच्या चिका (पडदे) सोडा. बी विंगच्या भिंतीलगत ब्लॉकांच्या तीन-चार ओळी उखडून मातीचा पट्टा करा आणि त्यात झुडपं लावा, भिंतीची आणि फरशीची दोन्हींची धग तेवढी कमी होईल. चिखलाची भीती असेल तर पट्टा ब्लॉकच्या पातळीपेक्षा दोन इंच खाली ठेवा, पाणी उलट त्यातच मुरेल.

शेड पाडू नका, पैसे गेलेत ते गेलेत. तिच्यावर, म्हणजे पत्र्याच्या वर, वीतभर अंतर सोडून ९० टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणा. खाली नाही, वर, कारण ऊन पत्र्याला लागायच्या आधी अडलं पाहिजे. वळवाच्या वादळात ती फाटते म्हणून कडेला वायर दोरी घालून घट्ट बांधा, आणि दिवाळीनंतर काढून ठेवा.

झाडांबद्दल सगळेच विचारतात. सावलीसाठी झाड निवडताना मी एकच प्रश्न विचारते, एप्रिल-मेमध्ये त्याच्या अंगावर पानं असतात का. गुलमोहर मला कितीही आवडत असला तरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो बोडका असतो, फुलतो मेमध्ये आणि वादळात त्याच्या फांद्या मोडतात. बहावाही तसाच, फुलला की डोळ्यांचं पारणं फिटतं पण सावली विरळ. पाम तर सोसायटीच्या गेटवर ओळीने लावतात, त्यांची सावली खांबाइतकी. करंज मात्र एप्रिलमध्येच ताज्या पालवीने भरतो, कडुनिंबही मार्च-एप्रिलात पालवतो, बकुळ बारमाही दाट पण हळू वाढते. तुमच्याकडे करंजच लावा, दोन, बाकांच्या पश्चिमेला ३-४ मीटरवर, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, आठ-दहा फुटी रोप, मीटरभर खोल खड्डा, आणि बुंध्याभोवती दीड मीटर चौकोनात ब्लॉक नको. खालच्या फांद्या "स्वच्छ दिसावं" म्हणून छाटू नका, संध्याकाळचं तिरकं ऊन त्याच अडवतात. चार-पाच वर्षांत बसण्याजोगी सावली मिळते.

काही गोष्टी मात्र इथून सांगता येत नाहीत. त्या जागेखाली बेसमेंट पार्किंग आहे की खरी जमीन? दादा मातीची जागा म्हणतायत पण खाली स्लॅब असेल तर झाडांचं सगळंच बदलतं, ओल्या मातीचा एक मीटर थर चौरस मीटरला पावणेदोन-दोन टन भरतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक कुंडीही वाढवू नका. दुसरं, कंपाउंडच्या पलीकडे आज मोकळा प्लॉट आहे असं दिसतंय, उद्या तिथे बारा मजली बिल्डिंग आली तर साडेपाचचं ऊन आपोआप बंद होईल आणि मग मात्र वारा हा तुमचा प्रश्न होईल. म्हणून फ्रेम नटबोल्टची करा, वेल्डिंग करून कायमची नको. तिसरं, माझं दिशांचं सगळं गणित "मागची बाजू बरोबर पश्चिम" असं धरून आहे, ती वायव्येकडे किंवा नैऋत्येकडे कललेली असेल तर पडद्याची जागा थोडी सरकेल.

पैशाचा क्रम मी असा लावेन, बाकं हलवणं आणि शेडनेट या उन्हाळ्यात, पट्टा उखडणं आणि करंज जूनमध्ये, फ्रेम आणि वेल पावसाळा संपायच्या आत. हे सगळं दोन लाखांत बसायला हरकत नाही, दर तुमच्या फॅब्रिकेटरवर आहेत, आणि उरले तर त्या एसीच्या युनिटना वरच्या दिशेला हवा फेकणारे पत्रे बसवून घ्या, संबंधित फ्लॅटवाल्यांशी बोलून.

मीटिंगआधी एका रविवारी साडेचार आणि साडेपाच अशा दोन वेळा दोन्ही जागांचे फोटो काढा, सावलीची कड खडूने आखून ठेवा, चेंडूवाला थर्मामीटर जमला तर त्याचे आकडेही लिहा, आणि बेसमेंटचं काय ते बिल्डरच्या मंजूर नकाशात बघून इथे टाका. झाडांची नेमकी जागा मी त्यावरून सांगते.